दफेदारांची वेल्डिंगची परीक्षा

उमाजी भापकर ग्वाल्हेर संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होते. त्यांचे वडील आणि आजोबाही त्याच रिसाल्यात होते. संस्थान विलीन झालं, पुढे त्याच्या फौजाही भारतीय सैन्यात घेतल्या गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी उमाजींना तपासलं आणि घरी पाठवलं. घोड्याच्या लाथेनं त्यांचा उजवा गुडघा कधीतरी मोडला होता. त्याच गुडघ्यानं त्यांनी पुढे बारा वर्षं घोडा दाबून धरला, पण कागदावर तो निकामी ठरला. चाळिशी ओलांडलेला माणूस भरदुपारी बिनवर्दीचा ‘खासगी बाजार’ नावाच्या पेठेतल्या आपल्या खोलीत आला. बायको दुर्गा गहू निवडत होती. तिनं विचारलं, "आज एवढ्या लवकर?"

"आता रोजच," ते म्हणाले.

हे त्यांनीच मला सांगितलं, तेही हसत. मी तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर या भागाच्या टोकाला असलेल्या एका लहानशा सरकारी कारखान्यात भांडाराचा कारकून होतो. इस्पितळांच्या खाटा, पाणी उकळायची भांडी, दुधाचे कॅन, असली दुरुस्ती तिथं चाले. उमाजी तिथं खलाशी, म्हणजे बिगारी मजूर, म्हणून लागले होते. ओझी उचलायची, भट्टी पेटवायची. खाकी कोट मात्र रोज इस्त्रीचा.

छप्पन साली कळलं की मध्यभारत राज्यच राहणार नाही. राजधानी भोपाळला होणार, कचेऱ्या तिकडे जाणार, आणि आमच्या कारखान्यात जेमतेम एक चतुर्थांश माणसं उरणार. दुधाच्या टाक्यांचं काम तेवढं ग्वाल्हेरला राहणार होतं. टाक्या स्टेनलेसच्या, म्हणून मुंबईहून आर्गन वेल्डिंगचं यंत्र आलं. आता त्याला टिग म्हणतात. तेव्हा ते गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. सहा जणांना शिकवायचं, परीक्षा घ्यायची, पास होतील ते कायम, बाकीच्यांना नोकरीतून कमी करायचं, असा हुकूम होता.

उमाजींनी स्वतःहून नाव दिलं. त्यांचा अर्ज मीच लिहिला.

"दुर्गाला सांगून आलोय," ते म्हणाले, "या खेपेला मला कुणी घरी पाठवणार नाही."

शिकवायला माधवराव होते. घर लष्करच्याच एका पुरोहितांचं, पण दहा वर्षं मुंबईच्या कारखान्यांत काढलेली. उमाजींपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी स्टेनलेसचा पत्रा हातात धरून सांगितलं, "हा पत्रा नखरेल आहे. धूळ चालत नाही, तेल चालत नाही, आणि याला लोखंड लावायचं नाही. साफ करायला हा एकच ब्रश, याच धातूच्या तारेचा. मुंबईहून आणलाय, जपून वापरा." तो ब्रश ते फडक्यात गुंडाळून ठेवत. मी दारात यादी घेऊन उभा होतो, मीही ऐकलं.

उजव्या हातात टॉर्च, म्हणजे जोडकामाची नळी, डाव्या हातात भरायची तार, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची बारीक सुई असते. ती पत्र्याजवळ न्यायची पण टेकवायची नाही. तिच्या खाली धातू वितळून मुगाएवढा थेंब होतो, त्या थेंबाला तार भरवत पुढं सरकायचं. सुई थेंबात बुडाली की बिघडली, उठून सहाणेच्या चाकावर पुन्हा टोक काढायचं. पहिल्या दिवशी उमाजी सतरा वेळा उठले. दर वेळी गुडघा कटकन वाजायचा.

"दफेदारसाहब, लगाम ढीला करा ना जरा!" गोविंद ओरडायचा. तो शिकणाऱ्यांतला सगळ्यांत तरुण, निम्मं बोलणं हिंदीत. "घोडा भागा जा रहा है!"

"तू आपलं बघ. तुझा पत्रा भाकरीसारखा फुगलाय."

"भाकरी तरी खाता येते, तुमचा तो कोळसा झालाय."

ते खरंच होतं. हात सावकाश चालला की पत्रा तापून काळा पडतो. पाठीमागून आर्गन गॅस कमी पडला की मागच्या बाजूला जळक्या साखरेसारखे खडे धरतात. बरोबर जमलं तर वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग येतो. उमाजींना तीन आठवडे तो रंग दिसला नाही. त्यांच्या गळ्याची कातडी झळीनं सोलली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर बसत, तेव्हा ते यंत्र बंद असतानाही टॉर्च धरून हात फिरवत राहत. एकदा मी विचारलं, थकत नाही का? ते म्हणाले, "बाबू, घोड्यावर बसायला मी सहा महिने पडत होतो. इथं निदान पडायचं नाही."

चौथ्या आठवड्यात एकदम जमलं. माधवराव त्यांच्या मागे उभे होते. मुखवटा वर करून उमाजींनी पत्रा बघितला. लाटा एकसारख्या, एकीवर एक टेकलेल्या, रंग पिवळा. माधवरावांनी पत्रा उलटा करून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, "हे कसं केलंत?"

"काही केलं नाही. हात सोडला. तोंडात लगाम असलेल्या जनावराला ओढलं की ते भडकतं."

 संध्याकाळी गोविंद त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मला दाखवा ना." त्यांनी दाखवलं.

परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली. प्रत्येकानं पत्र्याचा एक लहान डबा जोडून द्यायचा होता. तो तीन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवून मग साहेब बघणार होते. दूध ठेवायच्या टाकीला गंज चालत नाही, म्हणून. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळ्यांचे डबे झाले. उमाजींचा सगळ्यांत सरस, यात कुणाला शंका नव्हती. माधवरावांना भोपाळच्या कागदांसाठी कचेरीत बोलावलं होतं. ब्रश एकच, त्याच्यासाठी बाकीचे रांगेत उभे होते.

उमाजी रांगेत थांबले नाहीत. त्यांनी कोटाच्या खिशातून तळहाताएवढा चामड्याचा चौकोन काढला. त्याच्या एका अंगाला पोलादी कड्यांची बारीक जाळी शिवलेली होती. रिसाल्यात घोड्याच्या तोंडातलं लोखंड अशा जाळीनं रोज घासून आरशासारखं करत. त्याला ते रुमाल म्हणत. तपासणीला वस्तू चमकली नाही तर स्वाराची शोभा होई, म्हणून ही सवय त्यांच्या हाडात भिनलेली. ते उन्हात उकिडवे बसले आणि डबा घासू लागले. अर्धा तास घासत होते.

"अरे वा, काका, तोंड दिसतंय यात!" गोविंद म्हणाला. बाकीचेही बघायला आले.

मी भांडाराच्या खिडकीत होतो. याला लोखंड लावायचं नाही, हे वाक्य मला आठवलं. पण मी कारकून, मला त्या कामातलं काय कळतं, असंही वाटलं. शिवाय ते इतक्या आनंदात होते. माधवराव येतीलच, ते बघतील, म्हणून मी मान खाली घातली. माधवराव यायच्या आत डबे पाण्यात गेले होते.

सोमवारी डबे काढले. उमाजींच्या डब्यावर चारी बाजूंनी तांबड्या गंजाच्या बारीक रेघा उठल्या होत्या. जोड जसाच्या तसा होता, थेंबभर पाणी झिरपलं नव्हतं. माधवरावांनी डबा हातात घेतला.

"दफेदार, याला काय लावलंत?"

"काही नाही. रुमालानं पुसला." त्यांनी तो खिशातून काढून दाखवला.

 माधवराव बाहेरगावच्या परीक्षक साहेबांना म्हणाले, "साहेब, हा वरचा गंज आहे, जाळीतलं लोखंड पत्र्याला लागलंय. तेजाबानं धुतला की निघून जाईल. जोड बघा ना, असा जोड माझ्या हातूनही रोज होत नाही."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं डबा दोनदा फिरवून पाहिला. "जोड उत्तम आहे. पण या तक्त्यात विचारलंय, गंज आहे की नाही. यादी आजच्या गाडीनं जायची आहे. गंज नाही असं मी कसं लिहू?"

"दुसरा डबा करू द्या. दोन तास लागतील."

"आणि तीन दिवस पाण्यात?"

माधवराव पुन्हा बोलणार होते, पण उमाजींनी हात वर केला. "राहू द्या, मास्तर. साहेब बरोबर सांगतात. तपासणीत डाग म्हणजे डाग." ते ताठ उभे होते. 

पाच जण पास झाले, गोविंदसुद्धा. एक नोव्हेंबरला नवं राज्य झालं, त्याच्या आदल्या दुपारी उमाजींना कमी केल्याचा कागद मिळाला. तो मीच टंकला होता. त्या दिवशी ते सरळ घरी गेले नाहीत. कारखाना सुटायच्या वेळेपर्यंत ते फाटकाबाहेर बसून राहिले, आणि मग रोजच्या वेळेला सगळ्यांबरोबर निघाले. असं त्यांनी महिनाभर केलं. सकाळी इस्त्रीचा कोट घालून यायचे, फाटकासमोर बसायचे, भोंगा झाला की जायचे. मग कुणीतरी दुर्गाबाईंना सांगितलं.

नंतर ते दाल बाजारात एका गोदामावर राखणदार होते. चार-पाच वर्षांनी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं की त्या शुक्रवारी मी खिडकीतून पाहिलं होतं, आणि मास्तरांचं बोलणं मला आठवलंही होतं.

त्यांनी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"धीर झाला नाही."

"रांगेत शेजाऱ्याचं बक्कल तिरकं दिसलं तर आम्ही हळूच सांगायचो, बाबू. दुश्मनी असली तरी सांगायचो." एवढ्यात डाळीच्या पोत्यांची गाडी आली. ते गुडघा धरून उठले आणि फाटक उघडायला गेले. परत येऊन माझ्याजवळ बसले नाहीत.

पुढच्या फाल्गुनात ते वारल्याचं मला आठ दिवसांनी गोविंदकडून कळलं.