देवानंद मिस्त्रीची बॅटरी

मूर्तिजापूरच्या स्टेशन रोडवर देवानंद मिस्त्रीचं बॅटरीचं दुकान आहे. दुकान कायचं, टिनाचा खोका. पण त्याले दाखवल्याबिगर गावात कोणी बॅटरी बदलत नाई, कारण दहातल्या आठ जणाईले तो हाकलूनच देते. "पाणी टाक अन् चालता हो. अजून एक उन्हाळा काढते हे." ॲसिड उडून उडून त्याच्या शर्टाची पोटावर निरा चाळणी झाली आहे. नवा घातला तं आठ दिवसात त्याचीबी तेच गत. बायको वर्षाली म्हणते, "तुले आता पोत्याचाच शिवून देतो."

असा माणूस, म्हणूनच आरती त्या दिवशी बेफिकीर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिले नाशिकले निघाचं होतं. लहान बहीण आचलचं पोलीस भरतीचं ग्राउंड परवा पहाटे पाच वाजता. वयात बसाची हे आखरी भरती. मागच्या खेपेले आचल ग्राउंडबाहेर फुटपाथवर पेपर अंथरून झोपली, सकाळी आंग आखडलं अन् तीन मार्कानं पोट्टी गेली. आरतीनं तवाच ठरवलं, औंदा आचल फुटपाथवर झोपणार नाई, आपल्या गाडीत झोपीन अन् गेटवर उतरीन. गाडी म्हणजे बाबाची, नत्थुजीची, जुनी कार. बाबा अन् आचलबी संगं आले होते.

दोन-तीन दिवस ते सकाळी कण्हत सुरू होत होती, येवढंच. बॅटरी वीस महिन्याची. अमरावतीत एकानं मीटर लावून 'टकाटक आहे' म्हणून सांगतलं होतं. आरतीले फक्त देवानंदच्या तोंडून 'चालता हो' आयकाचं होतं.

देवानंदनं बोनट उघडलं. मीटर काढलंच नाई. बॅटरीच्या बुडाखाली बोट फिरवलं, बोटाची माती चोळून पाह्यली. मंग नट चाचपला.

"बदल हे."

"कावून? वीस महिने तं झाले!"

"नाशिकले नेऊन सोडीन तुमाले. पण एकडाव तिथं बंद केली का सकाळी उठणार नाई."

"मीटर चांगलं दाखवते अन् तुमी बदल म्हणता? तुमीबी दुकानदार झाले का भाऊ?"

दारात मेथी निवडत बसलेल्या वर्षालीचा हात थांबला. असं देवानंदले कोणी बोललं नोतं. तो चिडला नाई. म्हणे, "लाइट लावून ठेव. चहा पिऊ. मंग सेल मार."

नत्थुजी, आरती, आचल, सगळे बाकड्यावर बसले. वीस मिनिटानं आरतीनं चाबी फिरवली. टिक. टिक. टिक. बस. आचलचं तोंड उतरलं. हेच टिक टिक परवा पहाटे नाशिकले झालं असतं तं?

देवानंद नत्थुजीकडे वळला. "नत्थुजी, औंदा हरभरा कसा आहे?"

"एक नंबर!"

"डुकरं कोणत्या बाजूनं येतात?"

"नाल्याच्या. पण झटका मशीन लावलं तवापासून..." बुढा बोलता बोलता थांबला, अन् बशीतच पाहून राह्यला.

झटका मशीन वावराच्या तारेत करंट सोडते, अन् चालते बॅटरीवर. रोज सांजेले पोरीईच्या नजरेआड बुढा कारची बॅटरी काढे, सायकलवर वावरात नेई, अन् उजाडता उजाडता परत लावे. रातभर तारेले झटके देऊन दमलेली बॅटरी गाडी काय उचलीन! बुडाखाली काळी माती अन् रोज खोलून गोल झालेला नट, दोघायनं चुगली केली.

"बाबा!" आरती ओरडली.

"मले वाटलं," नत्थुजी हळूच म्हणे, "गाडी तं रातभर उभीच राह्यते. बॅटरी रिकामी बसून काय करते?"

सगळ्यात पहिले देवानंदच हसला. "रिकामं बसलेलं कोणी दिसलं का वावरवाला त्याले जुपतेच. अन् आरती, बापाले बोलू नको. तुह्या बहिणीचा खुराक त्याच हरभऱ्यातून निघते."

पण त्या साइजची बॅटरी दुकानात नोती. अकोल्याले फोन लावला, तं परवा येते म्हणे. आरती म्हणे, "भाऊ, सकाळीच निघाचं आहे."

देवानंदनं फोन खिशात टाकला. पाना उचलला, मागे उभ्या असलेल्या आपल्या व्हॅनपाशी गेला, अन् तिची बॅटरी काढून आणली. "साइज तेच आहे."

"अन् तुमची गाडी?"

"माह्या गाडीले कोणतं ग्राउंड माराचं आहे?"

बॅटरी बसली, एका सेलमध्ये गाडी सुरू. जुनी बॅटरी त्यानं नत्थुजीच्या पायाशी ठेवली. "हे आता वावरातच राहू द्या. गाडीकडं पाहाचंबी नाई."

पाच दिवसानं तिघं परत आले, आल्या आल्या थेट दुकानात. अकोल्याची बॅटरी येऊन पडली होती, पण आरतीची म्हणून देवानंदनं ते आपल्या व्हॅनले लावली नोती. देवानंद व्हॅनपाशी नोता. सायकलच्या कॅरिअरवर बॅटरी बांधून राह्यला होता.

वर्षाली म्हणे, "पाच दिवस झाले, किसानाईच्या बॅटऱ्या असाच वाहून राह्यला. कंबर धरून झोपते."

"तू गप ना वो." देवानंदनं तिच्याकडं पाह्यलंबी नाई. आरतीचे डोळे भरले होते, तिच्याकडंबी नाई. आचलले विचारलं, "आठशे मीटर?"

"दोन मिनिट सत्तेचाळीस."

"म्हणजे?"

"पूर्ण मार्क, भाऊ."

"झोपली होती?"

"गाडीत. चार वाजेपरेंत गाढ. मंग ताईनं सेल मारला, अन् पहिल्याच खेपेत..."

"ते मले माहीत आहे," देवानंद म्हणे. "बॅटरी माह्यी होती." अन् शर्टाच्या त्या चाळणीले हात पुसत त्यानं बोनट उघडलं.