वरून खाली काढलेल्या सहा रेघा

भविष्य वगैरे मी मानत नाही. लग्नाआधी पत्रिका बघायला आलेल्या गुरुजींना मी "डेटा सोर्स काय?" असं विचारलं होतं — आईने अजून माफ केलेलं नाही. त्यामुळे खुशाल हसा... पहिला मीच हसलो होतो.

टोकियोत फुनाबोरीला आमचा फ्लॅट. मी, बायको मानसी आणि आठ वर्षांची इरा. खालच्या मजल्यावर पंचाहत्तरीचे मोरिता-सान. त्यांना जुन्या चिनी शकुनविद्येचा नाद. तीन नाणी सहा वेळा टाकायची, दर वेळी एक रेघ — अखंड किंवा तुटकी. तिन्ही नाणी सारखी पडली, की ती रेघ 'बदलती'. ती उलटली की दुसरीच आकृती तयार होते, म्हणजे पुढे काय ते.

गेल्या वर्षी ऑफिसने नागोयाची पोस्टिंग देऊ केली. मानसीचं स्पष्ट "नको". इराची शाळा, मैत्रिणी सगळं इथे. मला मात्र जायचं होतं. एका शनिवारी दुपारी, गंमत म्हणून, मोरिता-साननी दिलेला तक्ता उघडला आणि दहा येनची तीन नाणी टाकली. पाच रेघा साध्या, सहावी बदलती. तक्ता म्हणाला — भरभराट! जाल तिथे मान!

मी तिथल्या तिथे होकाराची मेल ठोकली. मानसीला न विचारता.

संध्याकाळी ऐटीत कागद मोरिता-सानना दाखवला. त्यांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं.

"रेघा वरून खाली काढल्यात?"

"मग? लिहितात तशाच."

"घर छपरापासून बांधता का? खालून वर रचायच्या."

त्यांनी कागद फिरवला. भरभराटीचा झाला 'वाटसरू'. बदलती रेघ आता सगळ्यात वर, आणि तिचा अर्थ — घरटं जळतं, वाटसरू आधी हसतो, मग रडतो.

"पुन्हा टाकतो!"

"एकच प्रश्न दोनदा विचारू नये."

वर येऊन मानसीला मेलसकट सगळं सांगितलं आणि नाणी पुन्हा टाकलीच. त्याच पाच, तीच सहावी. "दे इकडे, तुझा हातच तसला!" म्हणत मानसीने हिसकावून टाकली. त्याच! मी हिशेब मांडला — एकदा असं पडायची शक्यता साधारण हजारात एक. लागोपाठ तीनदा?

तसाच खाली धावलो. "मोरिता-सान, जाऊ की नको?"

"बदलून येते ती आकृती वरून वाचा की खालून, सारखीच दिसते. छोटा पक्षी. उंच उडू नका."

"म्हणजे जाऊ की नको?"

"ते ती नाही सांगत."

असला कन्सल्टंट आमच्या कंपनीत एक दिवस टिकला नसता!

सोमवारी बॉससमोर कमरेत वाकून नकार द्यायला गेलो, तर त्यांनी नागोयाला कळवूनही टाकलेलं. मानसी एवढंच म्हणाली, "मेल ज्याने टाकली, त्याने जावं."

आता मी नागोयात, एका खोलीत, एकटा.

गेल्या रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर इराने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "बाबा, मी पण नाणी टाकली."

"काय विचारलंस?"

"बाबा इत्सु काएरु?" — बाबा परत कधी येणार.

सहा रेघा. त्याच. सहावी बदलती, म्हणून तिच्यापुढे बरोबरची खूण.

"सुरुवात कुठून केलीस?"

"खालून."

"कोणी सांगितलं?"

तिने खांदे उडवले. मानसी शपथेवर सांगते, तिने नाही. मोरिता-सान म्हणतात, त्यांनीही नाही. हे काय आहे, मला आजही कळलेलं नाही. चिडून तक्ता कपाटात कोंबलाय.

"सांग ना बाबा, कधी?" इराने पुन्हा विचारलं.

एकच प्रश्न, दुसऱ्यांदा. आणि मी... मोरिता-सानसारखंच म्हणालो, "ते ती आकृती नाही सांगत."