सत्तर मेणबत्त्या

मुलुंडला आमच्या सोसायटीमागे डोंगरावर जायची पायवाट आहे. तिच्या फाटकावर वनखात्याचा एक चौकीदार असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. माणूस समोर आला की तो आधी दोनदा हुंगायचा आणि मग म्हणायचा, "विडी काढा."

आमच्याकडे विडी कुठली? आमच्या फिरायच्या ग्रुपने वर वाळक्या गवतात एका काकांची सत्तरी केली, चांगल्या सत्तर मेणबत्त्या लावून! वारा सुटला, गवत पेटलं, आणि गुडघेदुखीवाले आम्ही सगळे असे काही धावत उतरलो की विचारू नका.

फाटक पावसापर्यंत बंद. माझं सकाळचं चालणंच गेलं ना! मग मी डब्यात बेसनाचे लाडू घेऊन त्या चौकीदाराकडे गेले.

"दादा, मी मेणबत्ती नाही हो लावली. मी नुसत्या टाळ्या वाजवल्या."

त्याने लाडू सावकाश खाल्ला, मिशी पुसली.

"आजी, तुम्ही पळालात तेव्हा मी एकटा ओल्या फांदीने आग झोडपत होतो. टाळ्यांचे हातपण चालले असते."

मला हसूही आलं नि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. डबा त्याच्याकडेच ठेवला. पाऊस येईपर्यंत पार्किंगमध्ये गाड्यांभोवती फेऱ्या मारल्या, पण कुणाकडे कुरकुर केली नाही.