अण्णांच्या गच्चीवरची शीळ

त्या वर्षी सोलापुरात पाऊस आला तो जायचं नावच घेईना. आम्ही उन्हाची माणसं. आमच्याकडे छत्रीसुद्धा उन्हासाठीच घेतात. घरात चादरी वाळेनात, कंपाउंडच्या भिंतीवर मखमलीसारखं शेवाळ धरलं, आणि डब्यातली कडक भाकरी लोळागोळा व्हायला लागली. अशाच एका ओल्या सकाळी कुणीतरी शीळ घातली.

साधीसुधी नव्हे. लांबलचक, निवांत, आंघोळीला बसलेल्या बिनकामाच्या माणसाने घालावी तशी. हळूहळू वर जायची, मधेच सूर चुकायची, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

"कोन शीळ घालतंय गं?" सासूबाईंनी मागच्या दारातून विचारलं. त्या जास्वंदीची फुलं तोडत होत्या.

"दूधवाला असेल, आई."

"त्यो शीळ घालत न्हाय. खोकतोय."

दुसऱ्या दिवशी त्या फुलं तोडायला बाहेर आल्या आणि शीळ सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी निकाल देऊन टाकला: शेजारचे अण्णाच! शीळ त्यांच्याच गच्चीवरून येत होती, आणि सासूबाई बाहेर आल्या की नेमकी येत होती.

माझ्या नवऱ्याला चहाचा जोरदार ठसका लागला. "आई, तो माणूस उभ्या जन्मात हसला नाही. शीळ कुठली घालतोय?"

अण्णा म्हणजे शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. आता गल्लीतल्या देवळाची सगळी व्यवस्था बघायचे. त्यांच्या कपाळावरचं गंधसुद्धा पट्टीने आखल्यासारखं असायचं.

"ह्या वयात असले धंदे!" सासूबाई म्हणाल्या. त्या भयंकर चिडल्या होत्या. फक्त दुसऱ्या दिवशी फुलं तोडायला जाताना त्यांनी ठेवणीतली इरकली साडी नेसली होती, एवढं माझ्या नजरेतून सुटलं नाही.

त्याच सकाळी अण्णा आमच्या दारात हजर. हातात गळकी छत्री, चेहरा लालबुंद.

"बाई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुमच्याशीच बोलतो. तुमच्या मिस्टरांना आवरा. मी स्तोत्र म्हणायला बसलो की यांची शीळ सुरू! चार ओळी म्हणून होतात आणि पाचवी आठवत नाही."

"मी?" नवरा तोंडावरचा दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आला.

"माझ्या पोराचं नाव घेताय?" सासूबाई पुढे सरसावल्या. "आन् तुमी सोता काय करताय गच्चीवर? आँ?"

"मी शीळ घालतो? मी?"

आणि नेमकी तेव्हाच शीळ आली. लांबलचक, निवांत, मधेच सूर चुकलेली. आम्ही चौघंही दारात उभे होतो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. चारही तोंडं बंद होती.

पुढच्या क्षणी आम्ही सगळे अण्णांच्या जिन्यात होतो. सर्वांत पुढे सासूबाई, ज्यांना एरवी जिना चढताना गुडघे आठवतात. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, शेवाळलेल्या भिंतीवरून पाणी झिरपत होतं, आणि टाकीच्या काठावर एक काळा पक्षी बसला होता. मला आधी कावळाच वाटला. मग तो जरा वळला आणि त्याचा खांदा एकदम निळा चमकला. नव्या पेठेतल्या दुकानदाराने फर्रकन शालूची घडी उलगडावी तसा.

"हक्की!" सासूबाई ओरडल्या. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीकडचं. फार आनंद झाला की त्यांना मराठीतलं 'पाखरू' सुचत नाही, कन्नडच येतं तोंडात.

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो, तेव्हा खोलीमागच्या ओढ्यावर हाच गडी रोज शीळ घालायचा आणि माझा नवरा त्याला उत्तर द्यायचा. आत्ताही त्याला राहवेना. साबण लागलेल्या तोंडाने त्याने शीळ घातली. पक्ष्याने मान तिरकी केली आणि उत्तर दिलं.

"बघा!" अण्णांनी बोट रोखलं. "म्हणजे तुम्हाला येते शीळ!"

मी खाली गेले आणि शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला. ती विज्ञान शिकवते आणि सुट्टीत गळ्यात दुर्बीण अडकवून माळरानं पालथी घालते. ती आली, तिने पाहिलं, आणि मटकन त्या ओल्या गच्चीवर बसली.

"शीळकरी कस्तूर," ती म्हणाली. "अगं, हा सह्याद्रीतला. ओढे, धबधबे, गच्च झाडी. आणि हा सोलापुरात? टाकीवर?" मग उठून तिने अण्णांचे दोन्ही हात धरून असे हलवले की अण्णांना नातू झाला असावा असंच कुणालाही वाटलं असतं.

"म्हणजे आता इथेच राहणार का तो?" अण्णांनी विचारलं.

"एका पक्ष्यावरून काही ठरवता येत नाही, अण्णा. वाट चुकला असेल. पण हवामान बदलतंय, तशी झाडं-पाखरं जागा बदलतायत, हे खरं आहे. कुणी डोंगरात वर सरकतं, कुणी नव्या मुलखात पाऊल टाकून बघतं. हा त्यातला की नुसता चुकलेला, ते काही वर्षं बघितल्यावर कळेल."

"मग आमचं माळढोक कुटं सरकलं?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्या बापाची मेंढरं चरायची, तितं यायचं. लई मोठं. पाटलागत चालायचं, मेंढरांकडं बघायचं बी न्हाय."

मैत्रिणीने दुर्बीण खाली घेतली. "त्याला सरकायला माळच उरला नाही, आई. शिकार झाली, माळ नांगरले. आता पाऊसपाणीही बिघडलंय."

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. पक्ष्याला आमच्या दुःखाची काही कल्पना नव्हती. त्याने पुन्हा वरचा सूर पकडला, पुन्हा घोटाळा केला, आणि सासूबाईंना हसू फुटलं. मग अण्णांना. अण्णांचे दात आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

त्यानंतर गल्लीत धमालच झाली. टाकीचा कॉक दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला अण्णांनी दारातूनच परत पाठवलं. पहाटे गच्चीवर माणसं जमायला लागली, शेंगाचटणी आणि चहा फिरायला लागला. स्तोत्र शिळेनंतर. "आधी त्याचं होऊ दे," अण्णा म्हणायचे. आणि सासूबाई शीळ शिकायला लागल्या. कवळी काढून, गाल फुगवून, आरशासमोर. बरेच दिवस नुसती हवाच यायची. एका दुपारी स्वयंपाकघरातून छोटासा, वाकडा, पण खरा सूर आला. मी धावत गेले तर त्या ओट्याला टेकून गुलाबी झाल्या होत्या.

"कुनाला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनीच अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

पाऊस संपला आणि पक्षी गेला. पुढचा पावसाळा कोरडा गेला, तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा ढग ठाण मांडून बसले आणि एका सकाळी अण्णांनी गच्चीवरून दोन्ही हात हलवले. पाखरू उडेल म्हणून ओरडायची त्यांना भीती वाटत होती.

मैत्रीण हेल्मेट न काढताच जिना चढली. "दोनदा आला म्हणजे अजून काहीच सिद्ध होत नाही," ती धापा टाकत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"गप बसा की जरा," सासूबाई म्हणाल्या. "ऐकू द्या."