झोपाळू मावशी

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारी बाई बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतली, तेव्हा तिचा आवाज पार घोगरा झाला होता. प्रवासी खिडकीशी येऊन विचारायचे, "आज दुसरं कोणी बसलंय का?" ती हसून वेळ मारून न्यायची. पण अंगात त्राण नव्हतं. कंगव्यात केसांचा गुंता यायचा. बाकीचे पंख्याखाली घाम पुसत असताना ही शाल पांघरून बसायची. ताकद यावी म्हणून तिने दुकानातून समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणल्या, दोन महिने घेतल्या, आणि उलट जास्तच गळाली.

रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉईड आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीवर उलटल्यात."

"त्या गोळ्यांमुळे?"

"त्यांत आयोडीन भरमसाट असतं, आजच बंद करा. बाळंतपणानंतरही हे डोकं वर काढतं. पण अमुक एकामुळेच झालं, असं छातीठोकपणे नाही सांगता येत. मुळात कल बऱ्याचदा घराण्यातून येतो. तुमच्याकडे कोणाला आहे?"

"कोणालाच नाही," ती म्हणाली, आणि तिथेच थबकली.

आईची धाकटी बहीण. सुजरा चेहरा, सदा थंडी वाजणारी, बोलणं सावकाश. अख्खं घर तिला झोपाळू मावशी म्हणायचं. आळशी म्हणून तिच्या दोन नोकऱ्या गेल्या, ठरलेलं लग्नही मोडलं. तिची नक्कल करण्यात ही भाची सगळ्यांच्या पुढे.

त्याच आठवड्यात तिने मावशीला तपासणीला नेलं. मावशीचा अहवाल तिच्याहून वाईट निघाला.

"म्हणजे मी आळशी नव्हते?" मावशीने विचारलं.

"नाही गं."

मावशीने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. भाचीला राहवलं नाही. "मी तुझी नक्कल करायचे, मावशी."

"हो. हुबेहूब करायचीस," मावशी म्हणाली आणि उठली.

दोघींना रोजची गोळी सुरू झाली. सहा महिन्यांत भाचीचा आवाज बराचसा सुधारला, मावशीची सूज उतरली. आता ती सकाळी फिरायला जाते, पण थोरल्या बहिणीचा फोन उचलत नाही.

"माझ्या लेकीला होईल का?" भाचीने एकदा डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"होईलही, नाहीही होणार. लक्ष ठेवा, धसका घेऊ नका."

तरी लेक दुपारी जरा जास्त झोपली की ती तिला हलवून उठवते. पोर रडायला लागते, आणि मग ती स्वतःवरच चिडते.