आतून कडी

घरात तोडफोड काढली की मलबा किती निघेल याचा अंदाज कुणालाच नसतो. आमच्याकडचा मलबा ठेकेदाराने दिवसभर खेपा घालून उचलून नेला, किस्से मात्र आमच्याच गळ्यात टाकून गेला. आता कुणी नुसतं "आम्हीही जरा रिनोव्हेशन करायचं म्हणतोय" असं म्हटलं, की आमचे हे पायात चपला सरकवून दूध आणायला निघून जातात. आणि मी सुरू होते.

आमचा फ्लॅट गाझियाबादला. सासरे, म्हणजे नाना, रिटायर झाले, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि आम्ही यमुना ओलांडली. दोन खोल्या, एक हॉल, सहा माणसं. नाना, सासूबाई, आम्ही दोघं, आमची केतकी आणि धाकटा दीर मिलिंद. माझ्या लग्नात मिलिंद हाफ पँट घालून पत्रावळींमधून पळत होता. तोच आता टाय लावून नोएडाच्या एका नव्या कंपनीत अमेरिकेशी इंग्रजीत बोलायला लागला होता, आणि घरी येऊन हॉलमधल्या दिवाणावर नानांच्या पायाशी झोपत होता!

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. केतकी लहान असताना एकदा कडी लावून आत अडकली, दार फोडावं लागलं. त्याच दिवशी नानांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मुख्य दार सोडून घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. बाथरूमचीसुद्धा! तेव्हापासून आत गेलं की आवाज करत राहायचं, अशी आमची सिस्टिम. मिलिंद शिट्टी वाजवतो. नाना पाढे म्हणतात. एकोणतिसाचा सुरू झाला की बाहेरच्याने समजून घ्यायचं, वेळ लागणार.

*

मिलिंदसाठी मुलगी बघायला आम्ही पुन्हा आर. के. पुरमलाच गेलो. सुचेता. बँकेत ऑफिसर, वडील सरकारी अधिकारी, मूळचे अमरावतीचे. पोहे झाले, चहा आला, सगळं छान चाललं होतं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "तुला काही विचारायचं असेल तर विचार हो. आमच्याकडे सगळं मोकळं असतं."

सुचेता म्हणाली, "एकच विचारायचंय. खोलीला आतून कडी आहे ना?"

माझ्या नाकातून चहा आला! तिच्या वडिलांना खोकल्याची उबळ आली. हे पंख्याकडे बघायला लागले.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे दारं लावायची पद्धत नाही."

"मग लग्नाची घाई नको," सुचेता शांतपणे म्हणाली. "आधी खोली होऊ दे. कडी लागली की तारीख काढू."

आम्ही परतीची बस धरली. नदीवर आल्यावर मिलिंद खिडकीतून बाहेर बघत पुटपुटला, "मला पसंत आहे."

आणि मी मनात म्हणत होते, सतरा वर्षांपूर्वी हे मला का नाही सुचलं? मी काय विचारलं होतं माहितीये? "तुमच्याकडे चहात आलं घालतात का?"

*

तर खोली काढायची. कुठून काढायची? अर्धा हॉल आणि मागची बाल्कनी मिळून. ह्यांनी ग्राफ पेपरवर झकास प्लॅन काढला. सासूबाईंनी तो आडवा धरला, उभा धरला, चष्मा पुसला आणि परत दिला.

"कागदावर घर बघून काय कळतं? पोळपाट कुठे ठेवायचा ते दिसतंय का यात?"

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या रांगोळीचा डबा घेऊन गच्चीवर गेल्या आणि सबंध घर त्यांनी रांगोळीने काढलं. खऱ्या मापाचं! हॉल, स्वयंपाकघर, मिलिंदची नवी खोली, दारांच्या जागी गॅप. मग आम्हाला सगळ्यांना वर बोलावलं आणि आपापल्या जागी उभं केलं. "आता वावरा!"

आम्ही वावरलो. मी रांगोळीच्या ओट्यासमोर उभी राहून हवेत पोळ्या लाटत होते. नाना हॉलमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "अगं, माझं कपाट कुठे टाकलंस?" "तुमच्या मागे आहे, टेकू नका!" केतकी सरळ चालत आली तर सासूबाई ओरडल्या, "भिंतीतून काय येतेस? दारातून ये!"

"यार आजी, हे टू मच आहे," केतकी म्हणाली आणि दारातून आली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या भल्ला आंटी लोणच्याच्या कैऱ्या वाळवायला आल्या. समोर सहा माणसं पांढऱ्या चौकटींमध्ये गंभीरपणे उभी! त्यांनी झटकन चपला काढल्या, डोक्यावर चुन्नी घेतली. "भाभीजी, पूजा है? बताया भी नहीं!"

आम्ही तोंड उघडेपर्यंत त्यांनी रांगोळीला एक प्रदक्षिणा घातली, एका कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनापाशी गुडघे टेकले, दोन केळी ठेवली आणि डोळे मिटून, कपाळ टेकवून नमस्कार केला.

तो संडास होता!

संध्याकाळी बिल्डिंगमधल्या आणखी चारजणी येऊन तिथेच केळी ठेवून गेल्या. सांगायची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत झाली नाही. केळ्यांचं शिकरण मात्र छान झालं.

*

ठेकेदार चौधरीजी. कशालाही उत्तर एकच, "हो जाएगा जी!" त्यांना ह्यांनी ग्राफ पेपर दाखवला, त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि गच्चीवरच्या रांगोळीकडे बघून म्हणाले, "असली नक्शा तो ये है! माताजी ने कमाल कर दिया."

सासूबाई महिनाभर त्या वाक्यावर जगल्या असत्या. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. गच्चीवर जिना उलट्या बाजूने निघतो. सासूबाईंनी जिन्यातून बाहेर आल्या आल्या समोर घर मांडलं होतं. म्हणजे ते सगळं घर अर्धी गिरकी घेऊन बसलं होतं!

चौधरीजींच्या माणसांनी सकाळी नकाशाबरहुकूम घण घातला. मी ऑफिसला जायला वेणी घालत होते. धाड, धाड, धाड! धूळ खाली बसली. भिंतीला माणूस जाईल एवढं भोक. आणि भोकाच्या पलीकडे शेजारचे त्यागीजी. अंगावर बनियन, तोंडाला साबण, हातात रेझर.

मी अर्ध्या वेणीने पुतळा झाले. चौधरीजींच्या हातातली बिडी खाली पडली.

त्यागीजींनी आमच्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, पुन्हा आरशाकडे वळले आणि म्हणाले, "आइए जी, आइए. चाय चलेगी?"

भोक बुजवायला विटा यायच्या होत्या, म्हणून मध्ये चादर बांधली. मग त्या चादरीखालून इकडची थालिपीठं तिकडे जायला लागली आणि तिकडचे आलूचे पराठे इकडे. एका संध्याकाळी मी घरी आले तर मिसेस त्यागी आमच्या स्वयंपाकघरात बसून सासूबाईंबरोबर मटार सोलत होत्या. दोघींनाही यात काही विशेष वाटत नव्हतं!

भोक बुजवायच्या दिवशी मिसेस त्यागींनी चौधरीजींना बाजूला घेऊन विचारलं, "एक छोटी-सी खिड़की छोड़ दो ना."

"हो जाएगा जी!" चौधरीजी म्हणाले.

ह्यांनी ऑफिसला दांडी मारली आणि शेवटची वीट लागेपर्यंत तिथे स्टूल टाकून बसले.

*

अखेर खोली उभी राहिली. नवा रंग, नवं दार. सुतार दार बसवायला आला तेव्हा आम्ही ऑफिसात, केतकी शाळेत, नाना पेन्शनच्या कामाला गेलेले, घरी फक्त सासूबाई. संध्याकाळी येऊन बघते तर पितळेची झकझकीत कडी. बाहेरून!

"अहो आई! कडी बाहेरून?"

"कडी म्हणाली होती ती. लावली कडी."

"आतून म्हणाली होती!"

"आत बसून दार लावून घ्यायला काय होतंय एवढं?" त्या म्हणाल्या. "मी या घरात माणसांना गाद्या घालत आले. कुणी इंटरव्ह्यूला आलेलं, कुणी दवाखान्यात दाखवायला, कुणी वैष्णोदेवीला जाता जाता. उरेल त्या जागेत मी पाठ टेकली. मला कधी लागली कडी?"

मिलिंदचा चेहरा बघवेना. कारण दुसऱ्याच दिवशी सुचेता खोली बघायला येणार होती! मिलिंदने सकाळी उठून सुताराला स्कूटरवर मागे बसवून आणलं, कडी आत गेली. बाहेर भोकं राहिली, त्यावर मी गणपतीचा स्टिकर लावला.

सुचेता आली. खिडकी बघितली, स्विच बघितले. दाराशी आली आणि म्हणाली, "आई, तुम्हीच आत जाऊन लावून बघता का? मी बाहेर थांबते."

आम्ही सगळे गार! सासूबाईंना कुणी असं काही करायला सांगितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि तरातरा आत गेल्या. दार लागलं. कडी सरकली. खट्.

आम्ही उभे. आतून काहीच आवाज नाही. नानांनी घसा खाकरला. मिलिंद नखं खात होता. मला वाटलं, झालं, आता बाहेर येऊन लग्न मोडतात!

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सासूबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "जरा घट्ट आहे. तेल घालावं लागेल."

आणि स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर घेऊन आल्या. "काढा तारीख."

*

लग्न झालं. मिलिंद-सुचेता नैनितालला गेले. पाहुणे आपापल्या गावी गेले. घर जरा श्वास घ्यायला लागलं.

आणि एका दुपारी बेल वाजली. दारात मिलिंद आणि सुचेता, बॅगांसकट, एक दिवस आधी! "तिकडे नुसती दिल्लीच आली होती," मिलिंद म्हणाला. "चालायलासुद्धा जागा नाही, यार वहिनी!"

पाणी प्यायले, नानांच्या पाया पडले. मिलिंदने बॅग उचलली आणि आमच्या घराण्याच्या पद्धतीप्रमाणे खोलीचं दार खांद्याने ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं.

"लाकूड फुगलं असेल," हे म्हणाले आणि त्यांनीही खांदा लावून बघितला.

सुचेता वाकली, फटीतून बघितलं आणि हळूच म्हणाली, "आतून कडी आहे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. हे इथे, मी इथे, केतकी इथे, नाना खुर्चीत. मग आत कोण?

"चोर!" केतकी किंचाळली. ह्यांनी नानांची काठी उचलली. मी लाटणं आणलं. हसू नका, हातात तेच आलं!

"आईला हाक मार, ती कुठेय?" मिलिंद म्हणाला.

"देवळात गेल्या असतील," मी म्हटलं.

"चपला इथेच आहेत," नाना म्हणाले.

आतून पंख्याचा आवाज येत होता. फुल स्पीड.

सुचेताने हातानेच आम्हाला मागे व्हायला सांगितलं. आमच्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. एका बोटाने, दोनदा, अगदी हलकेच दार वाजवलं.

आत पलंग करकरला. बांगड्या वाजल्या. आणि झोपेने जड झालेला, चांगलाच वैतागलेला सासूबाईंचा आवाज आला,

"तुम्ही उद्या येणार होतात ना?"