करपलेली मेथी
संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली उघडली की मला पिंपरीतल्या कंपनीतलं आमचं, धातूवर मुलामा चढवायचं प्लेटिंग खातं आठवतं. शिफ्ट संपताना टाक्यांतलं अ‍ॅसिडचं पाणी ओढ्यात सोडायचं काम माझं होतं, आणि तो ओढा पवना नदीला मिळायचा. त्या वर्षी चर्चमध्ये हंगामाच्या सणाला सगळ्यांनी आपापलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवलं. नदीकाठी मळा असलेल्या एका मावशींनी मेथीची जुडी ठेवली. तिची पानं कडेनं करपली होती. देवानं जमीन आपल्याला राखायला दिली आहे, असं सांगून पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, पण माझे डोळे मिटेनात. बाहेर मावशींनी मला गाठलं. "तू कंपनीत हाय ना? ते पानी थांबवायला सांग की कुनाला तरी." दुसऱ्या दिवशी मी खात्यातल्या साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तू नाही सोडलंस तर दुसरा सोडेल." घरी दोन लहान मुलं होती, मी व्हॉल्व्ह उघडला. पुढच्या रविवारी मावशींनी विचारलं, "सांगितलंस का रं?" मी म्हणालो, "सांगितलं." "देव तुझं भलं करील," म्हणत त्यांनी माझा हात घट्ट धरला. ते पाणी सोडणारा मीच, हे मला तेव्हा बोलता आलं नाही, आणि आता ऐकायला त्या नाहीत.